बहात्तर माणसं, दोन लाख एकर

आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. भाऊबंदकी पेटायला त्यातला हातभर बांधही पुरतो. हे माप ध्यानात ठेवून कॅनडाच्या सस्काचेवान प्रांतात चला.

तिथलं गवताळ माळरान ६६ फुटी साखळीने मोजलं गेलं, म्हणजे गुंठ्याच्या बाजूच्या बरोबर दुपटीने. ८० साखळ्यांचा मैल. मैल बाय मैल चौकोन म्हणजे एक सेक्शन, ६४० एकरांचा. ३६ सेक्शनची एक टाउनशिप आणि साधारण नऊ टाउनशिपची एक ग्रामीण नगरपालिका. १८ मैल लांब, १८ मैल रुंद, २,०७,३६० एकर!

अमेरिकेच्या सीमेजवळची ग्लेन मॅकफर्सन ही अशीच एक. क्षेत्रफळ सुमारे ८४८ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून भरतात ६०३, आणि २०११ साली तिथे राहत होते १ कोटी २४ लाख लोक. ग्लेन मॅकफर्सनमध्ये २०१६ साली होते ७२. दोन एसटी गाड्यांत सगळी नगरपालिका बसेल. माणशी २,८०० एकरांहून जास्त जमीन. महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे असते जेमतेम सव्वातीन एकर.

मला सर्वांत थक्क करतो तो रस्त्यांचा हिशेब. उत्तर-दक्षिण रस्ता दर मैलाला, पूर्व-पश्चिम दर दोन मैलांना, रुंदी एक साखळी. १८ मैलांच्या अशा चौकोनात ही आखणी होते ४८६ मैलांची, म्हणजे ३,८८८ एकर नुसते रस्त्यांसाठी राखलेले. बरं, पृथ्वी गोल. रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात आणि चौकोन जुळेनासे होतात. म्हणून नाकासमोर चाललेला खडीचा रस्ता दर २४ मैलांवर अचानक बाजूला सरकतो, मग पुन्हा सरळ. पृथ्वीची गोलाई इथे गाडीच्या स्टिअरिंगला कळते.

ही आखणी माणसांच्या भूमीवर झाली, हे विसरता येत नाही. क्री, असिनिबॉइन, मेती लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. हडसन्स बे कंपनीने या अफाट मुलखावरचा आपला हक्क कॅनडाला ३ लाख पौंडांत दिला, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. मूळ रहिवाशांशी झालेला १८७४ चा करार नंतरचा. त्याआधीच, १८७२ च्या कायद्याने, कॅनडाने वस्ती करायला येणाऱ्यांना दहा डॉलर शुल्कात १६० एकर देऊ केले होते. अट एवढीच की राहायचं आणि कसायचं.

मग यंत्रं आली, आणि तेवढीच जमीन कसायला कमी माणसं पुरू लागली. साठ फुटी पेरणीयंत्र एका सेक्शनमध्ये ८८ फेऱ्या मारतं, म्हणजे १४१ किलोमीटर, जवळजवळ पुणे-मुंबई. आपल्या ताटातली मसूरडाळ अनेकदा याच प्रांतातून येते.

शाळा, हडसन्स बे कंपनी आणि रेल्वे यांच्यासाठी राखलेला वाटा वगळूनही अशा नऊ टाउनशिपमध्ये कागदावर ५७६ कुटुंबांना पुरतील एवढे १६० एकरी पट्टे पडत होते. ग्लेन मॅकफर्सनमध्ये उरली ७२ माणसं.