सनमायकाच्या काउंटरवर टाइल्स बसविण्यापूर्वी

दुकान जुने होऊ लागले की प्रथम काउंटर म्हातारे दिसू लागते. सनमायकाची कड उचकटते, चहाच्या पेल्यांचे डाग पुसता पुसत नाहीत आणि मालकाच्या मनात येते की, सारे मोडण्यापेक्षा वरच टाइल्स बसवून घ्याव्यात. विचार काटकसरीचा आहे, चुकीचाही नाही. परंतु आमच्या परिचयातील एका दुकानात हे काम दिवाळीच्या तोंडावर दोन दिवसांत उरकले गेले आणि संक्रांतीच्या आतच टाइल्स सुट्या निघाल्या. दोष गवंड्यावर आला. वस्तुतः पृष्ठभाग तयार करण्यास मालकाने त्याला एक दिवसही दिला नव्हता.

विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरता यावा म्हणून १९१२ साली अमेरिकेत या जातीचा पदार्थ निघाला. राळेत भिजविलेल्या कागदांचे थर उष्णतेने व दाबाने एकजीव केलेले असतात. असा गुळगुळीत पत्रा पाणी शोषत नाही, म्हणून साध्या सिमेंटला तेथे धरावयास जागाच मिळत नाही.

पत्र्याखाली काय आहे, हे आधी पाहावे. खालून स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा, विशेषतः बेसिनजवळ. प्लायवूड घट्ट लागले तर ठीक. भुशाचा बोर्ड ओलाव्याने फुगून भुसभुशीत झाला असेल, तर तो काढून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. मग त्यावर कितीही भारी टाइल घाला, पैसा पाण्यात. हाताने दाबून काउंटर लवत असेल तर आधी खालून आधार द्यावा. पुढे आलेल्या कडेकडे तर विशेष लक्ष द्यावे.

सुटलेला पत्रा पुन्हा चिकटवावा किंवा तेवढा काढावा. सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा घालवावा, सुकू द्यावे आणि ६० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावे. धूळ ओल्या फडक्याने टिपावी. त्यावर पॉलिमरयुक्त टाइल-अॅडहेसिव्ह चालते, मात्र ते लॅमिनेटसाठी योग्य असल्याचे पिशवीवर वाचून घ्यावे. आमच्या मते अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे अॅडहेसिव्हच्या थरावर ६ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड स्क्रूंनी आवळून त्यावर टाइल्स बसविणे. खर्च वाढतो, उंचीही सुमारे पाऊण इंच वाढते. गल्ल्याची खुर्ची त्या मानाने पाहावी.

काउंटर भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट भरू नये. तेथे हालचाल होते व भेग पडते, सिलिकोन भरावे.