दारातल्या निवडुंगाला अवेळी फूल आले तर?

मागच्या वर्षीच्या पौषातली गोष्ट. जिंतूर तालुक्यातल्या एका गावी उन्हाळी भुईमुगाच्या कामासाठी गेलो होतो. ओसरीवर टेकतो न टेकतो तोच घरची सूनबाई म्हणाली, "साहेब, आमच्या ब्रह्मकमळाला कळी धरलीय. पावसाळ्यात येणारं फूल हे, आता कसं आलं?" आजोबांनी अर्थ आधीच लावून ठेवला होता. "थंडी सरली. झाड खोटं बोलत नसतं. उद्याच भुईमूग टाकतो."

एकरी ४० ते ५० किलो बियाणे लागते. विकतचे बी एका कळीच्या भरवशावर मातीत जाणार होते. म्हणून मी आधी कुंडी पाहायला उठलो.

आपल्या घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, ते मुळात निवडुंगाच्या कुळातले झाड आहे. त्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळे. आपल्या झाडाचे जे पान म्हणून आपण पाहतो ते चपटे झालेले खोड असते, म्हणून तर त्याच्या कडेला कळी धरते. बांधावरचा फड्या निवडुंग आणि हल्ली लावतात ते ड्रॅगनफ्रूट ही त्याचीच भावंडे. कुंपणाचा त्रिधारी मात्र या कुळातला नाही. त्याला पांढरा चीक असतो आणि तो एरंडाच्या कुळातला आहे. त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

कळी का धरली?

कुंडी चुलीच्या भिंतीला टेकून ठेवलेली होती, आणि वर रात्रभर दिवा. सूनबाईला विचारले, पाणी कधी घातले? ती म्हणाली, "कापूस वेचणीच्या घाईत महिनाभर कुणी बघितलंच नाही. आता आठ-पंधरा दिवस झाले, रोज घालते."

मोसंबीवाल्यांना आता अधिक सांगायला नको. बहार धरायचा म्हणजे आपण काय करतो? बागेचे पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, आणि मग पाणी सोडतो. झाड फुलावर येते. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार हे सारे त्या ताणाचेच खेळ. या घरच्यांनी नकळत ब्रह्मकमळाचा बहार धरला होता! त्यात भिंतीची ऊब मिळाली. निवडुंगाच्या जातींत फूल येण्यामागे ताण, पाणी, ऊब आणि दिवसाची लांबी यांचा कमी-अधिक हात असतो. व्हिएतनाममध्ये ड्रॅगनफ्रूटच्या बागांत रात्री दिवे लावून झाडाला दिवस मोठा झाल्याचे भासवतात आणि हंगाम नसताना फळ घेतात.

मी आजोबांना म्हणालो, "झाड खरंच बोलतंय, पण ते आपल्या कुंडीपुरतं बोलतंय." शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सारा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजतो. दारातली कुंडी आणि माळावरचे रान यांची आच एक नसते. आपल्या परभणी भागात पौषात रात्रीचा पारा पुष्कळदा दहा अंशांच्या खाली उतरतो. कुंडीला ते ठाऊकच नव्हते.

अवेळी फूल म्हणजे अपशकुनही नव्हे. कुणी तसे म्हणून झाड उपटायला लावले तर ऐकू नका.

मग वसंताची खूण कोणती?

एका झाडाकडे नव्हे, साऱ्या शिवाराकडे पाहावे. आंब्याचा मोहर थंडी पडल्याची खूण आहे, सरल्याची नव्हे. काटेसावर पाने टाकून लाल फुलते, पुढे पळस पेटतो, शिमग्याच्या सुमारास माळ केशरी दिसतो. कडुनिंबाला नवी पालवी फुटली की पाडवा जवळ आला. ही झाडे उघड्या रानात उभी असतात, म्हणून त्यांची साक्ष कुंडीपेक्षा मोलाची. पळस भरात आला की उन्हाळी मुगाच्या पेरणीचे दिवस समजा.

भुईमुगासाठी मात्र पळसाची वाट पाहून चालत नाही. त्याची पेरणी १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात, थंडी ओसरल्यावर करावी. तेव्हा साधा थर्मामीटर घ्या, तापाचा नव्हे. सकाळी आठच्या सुमारास ओल्या जमिनीत ५ सेंटिमीटर खोल धरा. चार-पाच दिवस सलग १८ अंशांच्या वर पारा दिसला, तर पेरा. थंड जमिनीत बी फुगते पण कोंब लवकर निघत नाही, तोवर बुरशी लागते आणि तास विरळ होतात. १९७२ साली स्थापन झालेल्या आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्लाही पाहत जा.

आजोबा आधी रुसले, पण थांबले. चार दिवसांनी गार वारा सुटला तेव्हा त्यांनीच थर्मामीटर मागून घेतला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरणी झाली आणि तास भरून उगवले.

एक काम आजपासून करा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा, ब्रह्मकमळ कधी फुलले, सावर कधी, पळस कधी, थंडी कधी हटली. हे काम घरातल्या शाळकरी पोराकडे द्या. चार-पाच वर्षांत ती तुमच्या शिवाराची स्वतःची वही होईल.

आणि कळी धरली असेल तर त्या रात्री मुलांना उठवून जरूर दाखवा. सकाळपर्यंत ते फूल मान टाकते.