छोट्या हातांचं छोटं पुस्तक

मुलांनो, वर्गाचं हस्तलिखित काढायचं ठरलं, की पहिला आठवडा वादातच जातो. कागद केवढा? चित्रं किती? रंगीत की साधी? आणि लिहायचं मात्र राहूनच जातं!

अशा वेळी इंग्लंडच्या बीट्रिक्स पॉटरची आठवण ठेवा. १८९३ साली तिने एका आजारी मुलाला पत्र लिहिलं. त्यात पीटर नावाच्या खोडकर सशाची गोष्ट होती, चित्रांसकट. काही वर्षांनी तिला वाटलं, याचं पुस्तक करावं. तिने ते पत्र मागून घेतलं, गोष्ट वाढवली आणि प्रकाशकांकडे पाठवली. एकामागून एक नकार आले! पण बीट्रिक्सचं एक पक्कं होतं. पुस्तक लहान मुलांच्या हातात मावायला हवं आणि किंमतही थोडी हवी.

मग डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वतःच्याच पैशांनी २५० प्रती छापल्या. त्या भराभर संपल्या. फेब्रुवारीत आणखी २०० काढाव्या लागल्या! १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकांनी तेच पुस्तक काढलं. त्यांना चित्रं रंगीत हवी होती. बीट्रिक्सने ते मानलं. आकार मात्र छोटाच राहिला.

तेव्हा दोस्तांनो, आधी ठरवा, आपण हे कुणासाठी लिहितोय? तेवढं सोडू नका. बाकी सगळ्यांचं ऐका. आणि थोडंच करा, पण पुरं करा!