बी.एड.चा हिशेब: खर्च किती, कमाई कधी?

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. तिथं एका ताईंनी विचारलं, "मुलगी बी.ए. झाली. शिवणकाम करते. आता बी.एड. करायचं म्हणते. गटातून एक लाखाचं कर्ज उचलू का?" लगेच कुणी म्हणालं, "मास्तरीण झाली की जन्माचं कल्याण!" दुसरी म्हणाली, "बी.एड. झालेल्या घरी बसल्यात, त्यांचं काय?" दोघींचंही खरं होतं. म्हणून आम्ही वही उघडली आणि त्याच बैठकीत हिशेब मांडला. तोच आज तुम्हाला सांगतो. यातले खर्चाचे आकडे आम्ही धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

बी.एड. दोन वर्षांचं. फी वर्षाला ३०,००० धरली, म्हणजे ६०,०००. तालुक्याला राहणं-जेवण महिन्याला ३,५००, वीस महिन्यांचे ७०,०००. पुस्तकं, पाठाच्या वह्या, तक्ते, सराव पाठांसाठी शाळेत जायचं भाडं, परीक्षांचे फॉर्म, सगळे मिळून २०,०००. झाले दीड लाख.

इथं बहुतेक जणी वही मिटतात. पण मुलगी शिवणकामातून महिन्याला ४,००० आणत होती, ते दोन वर्षं बंद. ते ९६,००० झाले. गटाचं व्याज शेकडा एक रुपया धरलं तर लाखावर दोन वर्षांचे २४,०००. म्हणजे खरा खर्च २ लाख ७० हजार. ऐकून त्या ताई म्हणाल्या, "मशीन बंद पडल्याचे पैसे मी धरलेच नव्हते."

आता कमाई बघू. पात्रता परीक्षा देऊन, भरतीतून अनुदानित माध्यमिक शाळेत लागली, तर पहिली तीन वर्षं ती शिक्षण सेवक. २०२३ पासून माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला १८,००० मानधन आहे, प्राथमिकला १६,०००. शिवणकामाचे ४,००० वजा केले तर महिन्याला १४,००० जास्त. अडीच-पावणेतीन लाख वीस महिन्यांत फिटतात. पुढं नियमित झाली की मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं, त्यावर भत्ते वेगळे.

आणि तिथं नाही लागली तर? जवळच्या एखाद्या विनाअनुदानित शाळेत ७,००० वर लागली असं धरू. शिवणकामापेक्षा महिन्याला फक्त ३,००० जास्त. तेच पैसे फिटायला ९० महिने, म्हणजे साडेसात वर्षं. त्यात सुट्टीचा पगार मिळतो का, सही केलेला आकडा हातात पडतो का, हेही विचारावं लागतं.

पदवी एकच, पण एकीला वीस महिने, दुसरीला साडेसात वर्षं. हा फरक पदवीनं पडत नाही, पुढच्या परीक्षांनी पडतो. म्हणून प्रवेशाआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, कोणत्या वर्गाला शिकवायचं? पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. लागतं, आपण ज्याला डी.एड. म्हणायचो ते. या वर्गांसाठी बी.एड. चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान मुलांना शिकवायचं स्वप्न असेल आणि बी.एड.ला पैसे भरले, तर ते स्वप्न तिथंच अडतं.

दुसरी, परीक्षा. पहिली ते आठवीसाठी टीईटी पास व्हावी लागते. पाचवीपर्यंत पेपर एक, सहावी ते आठवीला पेपर दोन. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. त्याशिवाय पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी अभियोग्यता चाचणी असते. ती २०१७ ला झाली, मग एकदम २०२३ ला, आणि त्यानंतर २०२५ ला. मधली वर्षं मुलींनी वाट बघण्यात घालवली. म्हणून तयारी शिकताशिकताच करायची, आणि वाट बघताना शिवणयंत्र विकायचं नाही. हात रिकामे राहिले तर वर्षाला ४८,००० खर्चात वाढतात.

तिसरी, फी कमी होते का? २०२४-२५ पासून राज्य शासनानं ठरवलं आहे की इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. पण माफीसाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, संस्थेच्या कोट्यातून नाही. आपल्या कॉलेजला आणि अभ्यासक्रमाला हे लागू आहे का, ते पैसे भरण्याआधी विचारा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

"हजर न राहता बी.एड. करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मूळ कागदपत्रं कुणाकडं अडकवू नका, आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

शेवटी त्या ताईंनी काय केलं? मुलगी घरून एस.टी.नं जाऊन-येऊन शिकेल आणि सुट्टीत शिवणकाम चालू ठेवेल, असं ठरलं. फी माफीचा अर्ज करायचा, आणि गटातून एक लाखाऐवजी ४०,००० च उचलायचे. बैठकीतल्या एक आजी म्हणाल्या, "लेकीच्या लग्नाला कर्ज काढताना एवढा हिशेब कुणी मांडत नाही गं." सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या.

आम्हाला वाटतं, हिशेब दोन्हींचा मांडावा. शिक्षणाचा मांडायचा तो मुलीला अडवायला नाही, तिला नीट वाटेला लावायला. पुढच्या बैठकीत एका कागदावर तीन आकडे लिहा: एकूण खर्च किती, नोकरी लागेपर्यंत किती वर्षं काढता येतील, आणि पहिला पगार किती येईल. मुलीला शेजारी बसवून लिहा. वही तिच्या हातात द्या.