आधी नजर, मग साधन

दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी साधन निवडताना पहिला प्रश्न असतो तो किती आणि कशा प्रकारची दृष्टी उरली आहे याचा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी 3/60पेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. म्हणजे सामान्य नजरेला 60 मीटरवरून वाचता येणारे अक्षर अशा मुलाला 3 मीटरवरूनही वाचता येत नाही. 6/18पासून 3/60पर्यंत अल्पदृष्टी.

बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातून मिळणाऱ्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी सवलतींसाठी लागते. साधन कोणते, हे ती सांगत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोसात नजरेचा घेर नळीतून पाहिल्यासारखा आक्रसतो. अशा मुलाला फार मोठा टाइप दिला, तर एका वेळी दिसणारी अक्षरे उलट कमी होतात. अल्बिनिझम असलेल्या मुलाला प्रखर उजेड सोसत नाही. त्याला भिंगाच्याही आधी गडद चष्मा आणि खिडकीकडे पाठ येईल अशी जागा हवी. फळ्यासाठी छोटी दुर्बीण, वहीसाठी ठळक रेघा आणि काळे जाड पेन, गणितासाठी टेलर फ्रेम किंवा अबॅकस. यातले बरेचसे स्वस्त आहे, आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित.

अँड्रॉइड मोबाइलमधले टॉकबॅक आणि संगणकावरचे एनव्हीडीए ही वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर मोफत आहेत. दोन्हींवर मराठी ऐकता येते. अडचण असते ती मजकुराची. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका त्यांना निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग वाटते, आणि स्कॅन केलेले पान नुसते चित्र. शाळेने युनिकोडमध्ये टाइप केले, तर पैसा न खर्चता निम्मे काम होते.

तरीही ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कानाला सहज निसटतो. बोटाखालच्या ब्रेल ठिपक्यांत तो स्पष्ट असतो. म्हणून पूर्ण अंध मुलाच्या हाती मोबाइलच्या आधी ब्रेल पाटी आणि कलम यायला हवी. ठिपके आपोआप वर-खाली होणारी इलेक्ट्रॉनिक ब्रेल यंत्रे उत्तम, पण महाग. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातल्या गावात असे यंत्र बिघडले तर दुरुस्तीला कुठे न्यायचे, हे खरेदीपूर्वीच ठरवावे. पाटी-कलमेला ना वीज लागते, ना मेकॅनिक.

समग्र शिक्षा आणि 1981पासून चालू असलेली केंद्राची ॲडिप योजना यांतून साधने मिळतात. पालकांनी मागणी नोंदवण्याआधी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटावे आणि शक्य असेल तर ते साधन मुलाला काही दिवस वर्गातच वापरून पाहू द्यावे.