एक जोड, दोन निकाल : गामा आणि झ्बिश्को

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पंजाबचा गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिश्को ह्यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि बरोबरीत सुटली. जानेवारी १९२८मध्ये पतियाळात हीच जोड पुन्हा लागली, तेव्हा गामाने मिनिटाच्या आत झ्बिश्कोला अस्मान दाखवले. दोघेही तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. मग एवढा फरक का?

लंडनची कुस्ती गादीवरची होती. झ्बिश्को बहुतेक वेळ पालथा पडून राहिला आणि तसल्या वजनदार गड्याला उलटवणे गामालाही जमले नाही. १७ सप्टेंबरला फेरकुस्ती ठरली, पण झ्बिश्को आलाच नाही. बक्षीस आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला. पालथ्या पैलवानाला चीत केल्याशिवाय निकाल नाही, हे मातीतही खरेच. पण पतियाळात झ्बिश्कोला पालथे पडायला उसंतच मिळाली नाही.

ह्यावरून झ्बिश्को लेचापेचा होता असे मानू नये. अमेरिकेत तोवर धंदेवाईक कुस्तीचे निकाल आधीच ठरू लागले होते. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात त्याने वेन मन ह्या विजेत्याकडून हरायचे, असे ठरले होते. प्रत्यक्षात त्याने मनला खरोखरच चीत करून किताब घेतला. म्हणजे पतियाळात हरला तो कच्चा मल्ल नव्हता.

दोघेही कुस्तीवरच जगणारे. झ्बिश्कोचे पोट तिकिटावर, म्हणून तिथे कुस्ती रंगवणे महत्त्वाचे. गामाचा खुराक दतिया, पतियाळा अशा संस्थानांवर. तिथे दरबाराला निकाली कुस्ती हवी असे. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले तेही ह्याच काळात.

राजाश्रयाने कुस्ती खरी ठेवली, पण पैलवानाला एकाच दाराशी बांधून टाकले. १९४७मध्ये फाळणी झाली, पुढे संस्थाने विलीन झाली आणि ते दार बंद झाले. महाराष्ट्रात गावोगावच्या जत्रांनी आणि तालमींनी कुस्तीला आधार दिला. लाहोरात राहिलेल्या गामाच्या वाट्याला मात्र अखेरीस आजारपण आणि ओढाताण आली. २३ मे १९६० रोजी तो तिथेच वारला.