सातबाऱ्यावरील नाव आणि शेजारणीचा हातभार

यवतमाळ जिल्ह्यातील बहुतेक शेती कोरडवाहू असून कापूस, सोयाबीन व तूर ही तेथील मुख्य पिके होत. निंदण, खुरपणी व कापसाची वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रियांच्याच हातून पार पडतात. तथापि जमीन बहुधा पुरुषाच्या नावे असते. घरचा कर्ता पुरुष निवर्तला, तरी शेतात राबणारे हात तेच राहतात. परंतु बँकेच्या लेखी त्या शेतास धनी उरत नाही.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्यातील अनेक घरांवर हा प्रसंग ओढवला आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन राजूर गावच्या श्रीमती वैशाली येडे या शेतकरी भगिनीच्या हस्ते झाले. त्यांच्या पतीने आत्महत्या केली होती. अशा भगिनीस पहिला आधार गावातील इतर स्त्रियाच देऊ शकतात. तो कसा द्यावा, हे पुढे दिले आहे.

वारस नोंद : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवावयाचे असते. मुदत टळली असली तरी अर्ज अवश्य करावा. अर्जासोबत मृत्यूचा दाखला व वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडावे. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते व त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पतीच्या स्वतःच्या मिळकतीत विधवेस मुलामुलींच्या बरोबरीचा वाटा आहे. दुःखाच्या दिवसांत तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाण्याचा संभव असतो. म्हणून बचत गटातील दोघींनी तिच्यासोबत कार्यालयात जावे आणि प्रत्येक कागद वाचून दाखविल्याखेरीज तिला सही वा अंगठा करू देऊ नये. सोबत असली, म्हणजे दटावणाऱ्याचा आवाजही खाली येतो.

बियाण्याचा पैसा : वारस नोंद होईपर्यंत पेरणी थांबत नाही. मृग लागला की बियाणे हवेच. बारा जणींच्या गटाने दरमहा प्रत्येकी शंभर रुपये साठविले, तर वर्षाकाठी १४,४०० रुपये जमतात. मे महिन्याच्या बैठकीत गटाने यातून पहिले कर्ज अशा भगिनीस द्यावे व परतफेड कापूस विकल्यानंतर घ्यावी, म्हणजे तिला सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही. मात्र रक्कम, व्याज व परतफेडीची तारीख वहीत नोंदवावी. दया म्हणून दिलेला पैसा घेणारीस लाजवितो. नियमाने दिलेले कर्ज तिची पत वाढविते.

श्रमाची देवघेव : इर्जिकीची जुनी रीत येथे उपयोगी पडते. चार-पाच जणींनी एक दिवस तिच्या शेतात निंदण करावे. तिने तो दिवस पुढे त्यांच्या शेतात फेडावा. फवारणी मात्र अननुभवी हातांवर सोपवू नये. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही.

कार्यकर्त्यांचे काम : जिल्ह्यात ‘उमेद’ अभियान व महिला आर्थिक विकास महामंडळ यांच्यामार्फत बचत गट उभे राहिले आहेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत एक प्रश्न नेमाने विचारावा : “गावात अशी कोणती बहीण आहे, जी आज येथे आलेली नाही?” विधवा स्त्री अनेकदा रूढीच्या संकोचाने चारचौघींत येत नाही. निरोप धाडून भागत नाही. एकीने तिच्या घरी जाऊन तिला सोबत आणावे.

सातबाऱ्यावर नाव लागले, म्हणजे पीककर्ज व पीकविमा यांचा मार्ग मोकळा होतो. तेवढ्यासाठी गटाला लागतात त्या कार्यालयाच्या दोन-चार खेपा, थोडी बचत आणि एक दिवसाचे निंदण. एवढे कोणत्याही गावातील स्त्रियांस करता येण्याजोगे आहे.